एआर चष्म्यात जवळचं थ्रीडी चित्र पाहिलं की डोळे का ठणकतात? (लिक्विड क्रिस्टल प्रोजेक्ट)

वर्धारोड_बीई
नमस्कार. मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एक एआर हेडसेट (खऱ्या जगावर चित्र दाखवणारा चष्मा) आलाय. त्यात हृदयाचं थ्रीडी मॉडेल हातभर अंतरावर आणलं आणि शेजारी बोट धरलं, तर बोटाकडे पाहताना मॉडेल धूसर, मॉडेलकडे पाहताना बोट धूसर. दोन्ही एकाच जागी असून! थोड्या वेळात कपाळ ठणकायला लागतं. गाइड म्हणतात, यावर लिक्विड क्रिस्टलचा उपाय आहे, त्यावरच प्रोजेक्ट कर. पण टीव्हीच्या पडद्यातलं लिक्विड क्रिस्टल इथे काय करणार? आणि आमच्या लॅबमध्ये होईल असं काही आहे का?

कोड_सीताबर्डी
भाऊ, आधी आयपीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) नीट सेट केली का पाहा. आम्ही तर ॲपमध्ये सव्वा मीटरच्या आत काही आणतच नाही. प्रश्न मिटला.

धंतोली_ऑप्टिक्स
मिटत नाही, टळतो. शस्त्रक्रिया शिकणाऱ्याला किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्याला चित्र हाताजवळच लागतं ना.

आयपीडी पाहून घेच, पण तुझं बोटाचं लक्षण त्याचं नाही. जवळ पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि आतलं भिंग फुगतं. हेडसेट दोन डोळ्यांना वेगळी चित्रं देऊन त्यांना ४० सेंटिमीटरवर वळवतो, पण प्रकाश येतो ठरलेल्या अंतरावरून. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या एआर हेडसेटमध्ये ते साधारण २ मीटर आहे. या ओढाताणीने कपाळ ठणकतं.

म्हणून चित्राचं फोकसच बदलायला हवं. मोटरने भिंग सरकवता येतं, पण ते ओझं नाकावर कोण वागवणार? लिक्विड क्रिस्टलचे लांबट रेणू व्होल्टेज दिलं की वळतात, आणि ध्रुवित प्रकाशासाठी (ज्याची कंपनं एकाच दिशेत असतात) थराचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, बदलतो. मध्यापासून कडेपर्यंत व्होल्टेज कमीजास्त ठेवलं की सपाट थर भिंगाचं काम करतो. ताकद वाढवायला थर जाड करावा लागतो, आणि जाडी दुप्पट झाली की रेणू मूळ जागी यायला चौपट वेळ घेतात. इथे गाडी अडते.

मला खरं आवडतं ते पंचरत्नम-बेरी भिंग. थर दीड मायक्रॉनच्या आसपास. रेणूंची दिशा मध्यापासून कडेपर्यंत फिरवत नेलेली असते, आणि वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला (ज्याच्या कंपनाची दिशा डावी किंवा उजवी फिरत जाते) त्या कोनाच्या दुप्पट कलांतर मिळतं, म्हणजे लहर तेवढी पुढे-मागे सरकते. एका फिरकीचा प्रकाश एकवटतो, उलट फिरकीचा पसरतो. पुढे फिरकी पालटणारा लिक्विड क्रिस्टलचा स्विच लावला की एका भिंगाला दोन फोकस. थर वाढवत गेलं की दर थराला पर्याय दुप्पट. फेसबुकच्या २०१९ च्या हाफ डोम ३ या प्रायोगिक हेडसेटमध्ये अशी सहा भिंगं होती आणि ६४ फोकस पातळ्या. तो व्हीआर होता, म्हणजे बाहेरचं जग पूर्ण झाकणारा. एआरमध्ये समोरचं खरं जगही त्याच भिंगातून दिसलं तर तेही बिघडतं, म्हणून बाहेरच्या बाजूला त्याला रद्द करणारं उलट भिंग लागतं.

भिंगाच्या नावातले पंचरत्नम आणि बेरी हे भौतिकशास्त्रज्ञ. पंचरत्नम यांचा अशा कलांतरावरचा शोधनिबंध १९५६ चा, वय बावीस. बेरींनी याच प्रकारच्या कलांतराचा, म्हणजे भौमितिक कलेचा, व्यापक सिद्धांत १९८४ मध्ये मांडला. पंचरत्नम यांचे थोरले भाऊ एस. चंद्रशेखर आपल्या नागपूर विद्यापीठाचे, १९५१ चे एम.एस्सी. १९७७ मध्ये बंगळुरूला चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल त्यांच्याच गटाने शोधले. दोघेही सी. व्ही. रामन यांचे भाचे. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

लॅबसाठी: दोन आयटीओ काचा (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या), त्यांवर पॉलिमरचा थर, मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घासलेला. मध्ये लिक्विड क्रिस्टल. एक आडवा, एक उभा अशा दोन पोलरायझरमध्ये (एकाच दिशेची कंपनं सोडणाऱ्या पट्ट्या; मध्ये काही नसेल तर अंधार) धरून १ किलोहर्ट्झचं एसी व्होल्टेज वाढवत जा, उजेड कसा बदलतो ते फोटोडायोडने मोज. डीसी देऊ नको, आयन साचून सेल खराब होते.

वर्धारोड_बीई
मॅडम, आयपीडी बरोबरच निघाली, बोट तरी तसंच! लॅबमध्ये ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल मिळालं. सेल भरली, पण पोलरायझरमध्ये सगळं काळंच दिसून राहिलं. व्होल्टेज दिलं तरी ढिम्म.

धंतोली_ऑप्टिक्स
खोलीत थर्मामीटर लाव. ५सीबी ३५ अंशांच्या वर साधा द्रव होतं, मग प्रकाशाची ध्रुवता बदलत नाही म्हणून काळं, आणि मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय खोली त्याच्या खाली उतरतच नाही. सेल एसीच्या खोलीत ने आणि पोलरायझरमध्येच थंड होऊ दे. काळ्यात आधी रंगीत ठिपके उठतील, ते पसरत एकमेकांत मिसळतील आणि सगळी सेल उजळेल. तरीही काळंच राहिलं, तर घासल्याची दिशा पोलरायझरला ४५ अंशांत फिरवून पाहा. उन्हाळाभर काम करायचं असेल तर ई७ हे लिक्विड क्रिस्टलचं मिश्रण मागव, ते ५८ अंशांच्या आसपास टिकतं.