मोफत गाण्याचा वर्ग, तरी मुलं गळतात

सुरपेटी: शाळकरी मुलांना शास्त्रीय गाणं शिकवते. फी घेत नाही. तरी अलंकार (सुरुवातीचे स्वरांचे पलटे) संपून भूप राग सुरू होईतो निम्मी मुलं यायची थांबतात. आवड नाही म्हणावं, तर येतात तेव्हा मन लावून गातात. कुणाचा अनुभव?

खर्ज: ताई, फी हा सोपा अडथळा होता, तो तुम्ही काढलात. पण मूल रियाज करतं कुठे? एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, तिथे कोण षड्ज, म्हणजे सा, लावत बसणार? मग वर्गात मागे पडतं, लाजतं, येईनासं होतं. मी शिकवणं कमी केलं आणि खोली उघडी ठेवणं वाढवलं. वर्गाआधी तासभर दार उघडं, तानपुरा चालू, मी कोपऱ्यात. विचारल्याशिवाय बोलत नाही. (हे फार जड जातं.)

दुसरं म्हणजे पट्टी, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा ते. सगळ्यांना काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) कोंबू नका. मुलग्याचा आवाज फुटायला लागला की वरचा, तार सा लागत नाही. त्याला वाटतं, आपला गळाच गेला. त्याला खालची पट्टी द्या, काही दिवस ठेका धरायला बसवा. मोबाइलवरचा तानपुरा खुशाल वापरा, मुलागणिक पट्टी बदलता येते.

जुनंखोड: घाऊक वर्गात गाणं येत नसतं. गुरूसमोर बसावंच लागतं.

खर्ज: मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, समोर बसूनच येते, कबूल. पण विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते वर्गात बसवून शिकवायलाच ना? भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या नसत्या, तर माझ्यासारख्या, घरात कुणी न गाणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं? बंदिश वहीतून पाठ होऊ दे. गुरूचा वेळ तिच्यातल्या जागांसाठी, गाण्यातल्या बारकाव्यांसाठी ठेवा.

सुरपेटी: खोलीचं जमेल, चावी माझ्याकडेच असते. गाण्याच्या परीक्षांना बसवावं का?

खर्ज: सरसकट नको. पण ज्याला पुढे शिकवण्या करून पोट भरायचंय, त्याला जरूर बसवा. गवयाच्या मुलाला कुणी विशारद (गाण्याची वरची परीक्षा) आहेस का विचारत नाही, याला पहिल्यांदा तेच विचारतील. परीक्षेची फी वर्गाकडून भरा, आणि कुणाची भरली ते बाकीच्यांना कळू देऊ नका.