युरोपने पार्क जी-सुंगला घडवले की बांधून ठेवले?

डावा पाय (धागालेखक)

दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू पार्क जी-सुंगचे नाव निघाले की आजही पहिल्याच वाक्यात त्याच्या धावण्याचा उल्लेख येतो. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या काळात त्याला 'तीन फुप्फुसांचा खेळाडू' म्हटले गेले आणि ते विशेषण त्याला कायमचे चिकटले. माझ्या मते या कौतुकातच त्याच्यावर होणारा अन्याय दडलेला आहे. धावणे ही त्याची सवय होती, त्याची खरी गुणवत्ता वेगळी होती आणि मँचेस्टरमधील सात वर्षांत ती पुरेशी वापरली गेली नाही, असे मला ठामपणे वाटते.

14 जून 2002 रोजी विश्वचषकात इंचॉन येथे पोर्तुगालविरुद्ध त्याने केलेला गोल आठवून पाहावा. डावीकडून आलेला चेंडू त्याने छातीवर घेतला, उजव्या पायाने हलकेच उचलून सेर्जिओ कॉन्सेसाओला चकवले आणि डाव्या पायाने गोलरक्षक व्हितोर बाइयाच्या दोन्ही पायांमधून तो जाळ्यात धाडला. हा केवळ कष्टाळू खेळाडूचा गोल नव्हे. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि जपानमधील क्योतो पर्पल सांगा या क्लबकडून खेळत होता. पुढे त्या विश्वचषकातील कोरियाचे प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी त्याला नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोव्हन क्लबला नेले. तिथे सुरुवातीला स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, पण युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत 2005 मध्ये एसी मिलानविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात नवव्या मिनिटाला पहिला गोल करणारा तोच होता. पीएसव्हीने तो सामना 3-1 असा जिंकला, तरी दोन सामने मिळून बरोबरी झाल्याने, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणाऱ्याला पुढे नेणाऱ्या नियमामुळे संघ बाहेर पडला. त्या संघात पार्क आघाडीला धार देणारा खेळाडू होता.

त्याच उन्हाळ्यात सुमारे 40 लाख पौंडांना तो मँचेस्टरला आला. तिथे वेन रूनी आणि क्रिस्तियानो रोनाल्दो यांच्याभोवती आक्रमण रचले जात होते, त्यामुळे पार्ककडे प्रतिस्पर्ध्याच्या पुढे सरसावणाऱ्या बचावपटूला रोखण्याचे काम येत गेले. युनायटेडसाठी 205 सामन्यांत त्याचे 27 गोल झाले. याउलट कोरियाच्या संघात त्याने 2002, 2006 आणि 2010 अशा सलग तीन विश्वचषकांत गोल केले, आणि तसे करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. एकच माणूस दोन संघांत इतका वेगळा दिसत असेल, तर त्याचे कारण माणसात शोधायचे की संघात?

पूर्णवेळ

मला हे मांडणे मुळातच मान्य नाही, कारण त्यात 'आक्रमण म्हणजे प्रतिभा आणि अडवणे म्हणजे मजुरी' असे गृहीत धरलेले आहे.

10 मार्च 2010 चा ओल्ड ट्रॅफर्डवरील मिलानविरुद्धचा सामना घ्या. युनायटेडने तो 4-0 असा जिंकला. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या युनायटेडच्या प्रशिक्षकांनी पार्कला मधोमध खेळवले आणि मिलानचा खेळ रचणाऱ्या आंद्रेआ पिर्लोला खेळू न देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. पिर्लोच्या मागे नुसते धावून उपयोग नसतो, कारण तो स्वतः फारसा धावत नाही, तो चेंडूला धावायला लावतो. चेंडू पिर्लोकडे येण्यापूर्वीच त्याच्या पासची दिशा ओळखून तिथे उभे राहावे लागते आणि तेही आपल्या संघाकडे चेंडू आला की क्षणात मिलानच्या गोलाकडे वळता येईल अशा रीतीने. पार्कने हे दोन्ही केले आणि त्याच सामन्यात एक गोलही केला. पुढे पिर्लोने आत्मचरित्रात या पाठलागाची आठवण लिहिली. ज्याच्यामुळे आपला खेळ खुंटला त्याला प्रतिस्पर्धी इतकी वर्षे विसरत नसेल, तर त्या कामाला दुय्यम कसे म्हणायचे?

शिवाय गोलांची केवळ संख्या पाहू नये, ते कोणाविरुद्ध आले हेही पाहावे. मे 2009 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत आर्सेनलच्या मैदानावर आठव्या मिनिटाला, मार्च 2010 मध्ये लिव्हरपूलविरुद्ध निर्णायक हेडर, डिसेंबर 2010 मध्ये पुन्हा आर्सेनलविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल आणि एप्रिल 2011 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत चेल्सीने बरोबरी साधल्यावर अवघ्या काही क्षणांत केलेला गोल. ज्याला संघात बांधून ठेवले होते, त्याच्या नावावर असे गोल जमा होत नाहीत.

आकडेमोड

आपण दोघेही पार्कच्या प्रेमात आहात आणि वाद फक्त त्याच्या कोणत्या गुणावर प्रेम करायचे याचा चालला आहे. मी थोडे कटू बोलतो.

कोरियाबाहेर नाव कमावलेल्या कोरियन खेळाडूंत चा बुम-कुन याने जर्मनीच्या बुंडेसलीगात 308 सामन्यांत 98 गोल केले आणि त्यांत एकही पेनल्टी नव्हती. त्याने 1980 मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफुर्टबरोबर आणि 1988 मध्ये बायर लेव्हरकुसेनबरोबर, अशा दोन वेगवेगळ्या संघांबरोबर युएफा चषक जिंकला. 1988 च्या अंतिम फेरीत एस्पान्योलविरुद्ध पहिला सामना 3-0 असा गमावल्यानंतर परतीच्या सामन्यात एकूण बरोबरी साधून देणारा तिसरा गोल त्याचाच होता. सोन हुंग-मिनने 2021-22 च्या प्रीमियर लीगमध्ये 23 गोल केले, तेही पेनल्टीविना, आणि मोहम्मद सलाहबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. 2025 मध्ये टॉटनहॅमचा कर्णधार म्हणून त्याने युरोपा लीगही उंचावली.

पार्ककडे चार इंग्लिश विजेतेपदे आहेत हे खरे आहे, परंतु तो संघ त्याच्याशिवायही जिंकू शकत होता. 2006-07 च्या उत्तरार्धात दुखापतीमुळे तो बाहेर गेला आणि तरीही संघाने लीग जिंकली. चॅम्पियन्स लीगच्या 2008 च्या मॉस्कोतील अंतिम सामन्यात तर तो राखीव खेळाडूंतही नव्हता आणि युनायटेडने चेल्सीला पेनल्टींवर हरवून चषक जिंकला. पिर्लोला रोखल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण 30 एप्रिल 2012 चा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना कोणी सांगत नाही. कित्येक आठवडे न खेळलेल्या पार्कला सिटीच्या याया तुरेला अडवण्यासाठी अचानक उतरवले गेले, ते जमले नाही, तासाभराच्या आतच त्याला बदलले गेले, युनायटेड 1-0 असे हरले आणि पुढे लीग केवळ गोलफरकाने हातची गेली. एकाच कामासाठी ओळखला जाणारा खेळाडू त्या कामात कमी पडला की त्याच्याकडे काय उरते, हे त्या रात्री दिसले.

डावा पाय

सिटीविरुद्धचा सामना माझ्याच बाजूने बोलतो. 31 वर्षांच्या, दोनदा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि सरावाबाहेर असलेल्या खेळाडूकडून दोन वर्षांपूर्वीची कामगिरी पुन्हा मागितली गेली, कारण क्लबच्या लेखी त्याची ओळख तेवढीच उरली होती.

मॉस्कोचे म्हणाल तर तो प्रसंग मला अजूनही सहन होत नाही. त्याच हंगामात रोमाविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीत आणि बार्सिलोनाविरुद्धच्या उपांत्य फेरीत तो दोन्ही सामने खेळला होता. बार्सिलोनाला 180 मिनिटांत एकही गोल करू न देण्यात त्याचा मोठा वाटा होता. अंतिम सामन्यात ओवेन हार्ग्रीव्ह्जला उजव्या बाजूला खेळवण्याचे ठरले आणि पार्क सूट घालून बसला. फर्ग्युसन यांनी पुढे या निर्णयाविषयी खेद व्यक्त केला, ही त्यांची सचोटी आहे, पण ज्याचे काम डोळ्यांत भरत नाही त्याला वगळणे किती सोपे असते, हेही त्यातून कळते.

चा आणि सोन यांच्याशी गोलांची तुलना मला गैरलागू वाटते. ते दोघे गोल करण्यासाठीच खेळवले गेले.

मडगावकर

आपल्याकडील वाचकांना जवळचा असा एक संदर्भ जोडतो. जानेवारी 2011 मध्ये कतारमधील आशियाई चषकात भारत आणि कोरिया एकाच गटात होते. कोरियाने तो सामना 4-1 असा जिंकला, भारताचा गोलरक्षक सुब्रत पालने एकामागून एक फटके अडवले नसते तर फरक आणखी वाढला असता, आणि सुनील छेत्रीने पेनल्टीवर भारताचा एकमेव गोल केला. आमच्या गोव्याचे महेश गवळी आणि क्लायमॅक्स लॉरेन्स त्या स्पर्धेतील भारतीय संघात होते. कोरियाचा कर्णधार पार्क होता आणि त्याच सामन्यात अठरा वर्षांच्या सोनने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. जपानविरुद्धची उपांत्य फेरी हा पार्कचा शंभरावा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला, म्हणजे दोघांना राष्ट्रीय संघात एकत्र जेमतेम काही आठवडे मिळाले. पार्कमुळे युरोपातील मोठ्या क्लबांचा आशियाई खेळाडूंकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आणि सोनची वाट थोडी सोपी झाली, असे मला वाटते. 'आकडेमोड' यांनी हे मोजणीत धरावे.

आकडेमोड

सोन किशोरवयातच हॅम्बुर्गला गेला आणि जर्मनीत घडला. जर्मनीची वाट चाने पाडली होती. पार्कच्या खात्यात ते सरसकट टाकता येणार नाही.

हिरवळ

फर्ग्युसन यांनी बांधून ठेवले की नाही यावर एवढे लिहिले गेले, पण गुडघ्याविषयी एखाद-दुसरा शब्दच आला. माझ्या मते या कारकिर्दीचा आकार गुडघ्यानेच ठरवला.

2003 मध्ये पीएसव्हीला आल्यानंतर थोड्याच काळात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 2007 मध्ये अमेरिकेत पुन्हा मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो जवळजवळ नऊ महिने मैदानाबाहेर होता. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा पार्क हा तुम्ही म्हणता तो आइंडहोव्हनचा पार्क नव्हताच. त्यात राष्ट्रीय संघाच्या प्रत्येक सामन्यासाठी इंग्लंड ते सेऊल असा प्रवास करायचा, परत येऊन दोन-तीन दिवसांत लीगचा सामना खेळायचा, आणि गुडघ्यात पाणी साठून पुन्हा विश्रांती घ्यायची, असे वर्षानुवर्षे चालले. तिशीही ओलांडण्याआधी त्याने कोरियाची जर्सी उतरवली ती याच कारणाने. अशा शरीराच्या खेळाडूला दर आठवड्याला न खेळवता निवडक मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवणे हा त्याच्यावरील अन्याय नव्हता, त्यामुळेच त्याची कारकीर्द 2014 पर्यंत टिकली. क्वीन्स पार्क रेंजर्सने 2012 मध्ये त्याला कर्णधार करून नियमित खेळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचे शरीर साथ देईना, हंगामाच्या मध्यावर कर्णधारपदही गेले आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला.

समुद्रापार

मी युरोपात राहतो आणि म्हणून मला या चर्चेतील एक उणीव जास्त जाणवते. मँचेस्टरचे चाहते पार्कसाठी जे गाणे म्हणत, त्यात कोरियन लोक कुत्र्याचे मांस खातात असा उल्लेख होता. ते प्रेमाने गायले जाई हे खरे, पण त्यातील अपमान त्यामुळे पुसला जात नाही. खेळत असताना पार्क त्यावर बोलला नाही. 2021 मध्ये वुल्व्हज संघाच्या मैदानावर ह्वांग ही-चान या तरुण कोरियन खेळाडूच्या आगमनाच्या वेळी तेच गाणे म्हटले गेल्यावर मात्र त्याने जाहीरपणे ते थांबवण्याची विनंती केली. आपण तेव्हा गप्प राहिलो म्हणून नंतर येणाऱ्यांना हे सोसावे लागते, अशी जबाबदारीची भावना त्याने बोलून दाखवली.

परक्या देशात टिकण्यासाठी माणूस काय काय गिळतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना मैदानावरील त्याचे वागणेही वेगळ्या नजरेने दिसेल. संघाबाहेर ठेवले तरी तक्रार नाही, जागा बदलली तरी तक्रार नाही. प्रशिक्षकांनी याला शिस्त म्हटले. मला वाटते की तक्रार करण्याची मुभा आपल्याला आहे, असे त्याला तेव्हा वाटतच नसावे. 'डावा पाय' यांचा 'बांधून ठेवले' हा शब्द मी या अर्थाने स्वीकारतो, डावपेचांच्या अर्थाने नव्हे.

पूर्णवेळ

आपला मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा निघावा. पण मूळ प्रश्न खेळाचा आहे, म्हणून एकच सामना पुढे ठेवतो. 8 मे 2011 रोजी लीगचे विजेतेपद पणाला लागलेले असताना ओल्ड ट्रॅफर्डवर चेल्सी समोर होती. पहिले मिनिटही संपले नव्हते तेव्हा पार्कने बचावफळीच्या आरपार एक पास दिला, दाविद लुईझला तो अडवता आला नाही आणि हावियेर एर्नांदेसने गोल केला. युनायटेड 2-1 असे जिंकले आणि विजेतेपद जवळजवळ निश्चित झाले. त्यानंतर उरलेला सामना पार्कने चेल्सीची उजवी बाजू मोकळी होऊ न देण्यात घालवला. एकाच सामन्यात एकाच माणसाने दोन्ही कामे केली. 'डावा पाय', आपण त्या दोन कामांची फारकत करता आहात, आणि पहिल्या मिनिटातील तो पास देणारा पार्क कोणत्या अर्थाने बांधलेला होता, हे आपण अजून दाखवून दिलेले नाही.