पैगंबरांविषयी कार्लाइल : अर्धे वाक्य आणि पुरे वाक्य

मूळ मत
महंमद पैगंबरांच्या थोरवीचा दाखला म्हणून स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइल यांचे नाव हटकून घेतले जाते. ८ मे १८४० रोजी लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी पैगंबरांना वीरपुरुष मानले, हे खरेच आहे. मात्र त्याच व्याख्यानात त्यांनी कुराणाला कंटाळवाणा, विस्कळीत पसारा म्हटले आणि आपल्यापैकी कुणी मुसलमान होण्याची धास्ती नसल्यामुळे आपण पैगंबरांविषयी न्यायाने बोलता येईल तेवढे चांगले बोलणार आहोत, असेही श्रोत्यांना सांगितले. हे गाळून उरलेल्या मजकुराचे प्रशस्तिपत्र करणे मला अप्रामाणिक वाटते. कार्लाइल यांचे खरे भांडण इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम यांच्या सुखदुःखाचा हिशेब मांडणाऱ्या नीतीशी होते आणि त्या भांडणात त्यांनी पैगंबरांना साक्षीला उभे केले.

प्रतिसाद १
आपण अवतरण पुरे दिलेत हे चांगले केलेत, पण त्याचे वजन फार कमी धरलेत. पैगंबरांनी एका कबुतराला आपल्या कानातले दाणे टिपायला शिकवले होते आणि तोच देवदूत असल्याचे ते लोकांना भासवत, अशी कथा युरोपात विद्वानही लिहीत होते. ती लिहिणारे डच पंडित ह्यूगो ग्रोशियस यांना अरबीचे इंग्रज अभ्यासक एडवर्ड पोकॉक यांनी तिचा पुरावा विचारला, तेव्हा पुरावा नाही, असे उत्तर मिळाले. कार्लाइल यांनी हा प्रसंग भर सभेत सांगितला आणि खोट्या माणसाला विटांचे साधे घरही बांधता येत नाही, मग धर्म कसा उभारता येईल, असे विचारले. ज्या श्रोत्यांनी लहानपणापासून निंदाच ऐकली होती, त्यांच्यापुढे हे बोलायला धैर्य लागते, मग हेतू कोणताही असो.

प्रतिसाद २
मला मूळ मत पटते, आणि ते निंदेलाही लागू पडते. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर यांचे पैगंबरांना कपटी दाखवणारे नाटक १७४१ मध्ये लील येथे आणि १७४२ मध्ये पॅरिसमध्ये झाले. तो वार आपल्याच ख्रिस्ती धर्मावर आहे, असा संशय तिथल्या धार्मिक मंडळींना आल्याने पॅरिसचे प्रयोग लगेच थांबले. नाटकातले कपट पैगंबरांनी तसे केले नव्हते, हे ठाऊक असल्याचे खुद्द व्हॉल्तेअर यांनी प्रशियाच्या राजाला लिहिले होते. जाणूनबुजून रंगवलेल्या त्या चित्राला मत म्हणावे, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर
व्हॉल्तेअर यांचा सूर १७५६ च्या इतिहासग्रंथात बराच निवळला, हेही सांगायला हवे. शिवाय जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स पाहा. ईश्वराचे एकत्व आणि आत्म्याचे अमरत्व ही तत्त्वे पैगंबरांनी सोडली नाहीत, उलट त्यांच्या अनुयायांनी ती आशिया-आफ्रिकेत दूरवर नेली, असे त्यांनी १७१० च्या ‘थिऑडिसी’ या ग्रंथात लिहिले. हे कुणाशी भांडण्यासाठी?

मूळ लेखकाचे उत्तर
लाइबनिट्स यांचे ते वाक्य मोलाचे आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत, प्लेगची साथ असलेले गाव न सोडणाऱ्या तुर्कांचे उदाहरण देऊन, त्यांनी आंधळ्या दैववादाला पैगंबरांचेच नाव दिले आहे. ती दोन्ही विधाने शेजारी ठेवून वाचावीत, एवढेच माझे मागणे आहे.