मदत हवी आहे: ठाण्यात कोशर स्वयंपाकासाठी घरी येणारी बाई

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी, राहतो ठाण्यात. दोघंही नोकरीला, मुलं दोन, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून दोनदा, त्यातला एक शुक्रवार, घरी येऊन कोशर, म्हणजे यहुदी धर्माच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे, स्वयंपाक करणारं कोणी हवंय. शुक्रवारचं सगळं सूर्यास्ताआधी आटपायला हवं, शाब्बाथला (शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) चूल पेटवत नाही.

मटण-चिकन कोशरच आम्ही आणून देऊ. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी आहेत, त्यांवर रंगीत पट्ट्याही लावल्यात. गॅस मी स्वतः पेटवते. मासे खवले आणि पर असलेलेच, कोळंबी-खेकडे घरात येत नाहीत. मटणाला दही-तूप नाही, नारळाचं दूध चालतं.

डबा लावून पाहिला, पण त्यांची भांडी एकच. एक पोळीभाजीवाली बाई आली होती, हाताला छान चव. तिसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यात तूप पडलं. तिची चूक नव्हती, मीच नीट सांगितलं नव्हतं. पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, ते मनाला फार लागलं.

ज्यांच्याकडे बिगर-यहुदी बाई कोशर स्वयंपाक करते, त्यांनी तिला हे कसं शिकवलं? तुम्ही घरात नसताना पालेभाजीतले किडे आणि अंड्यातला रक्ताचा ठिपका तपासायचं काम तिच्यावर सोडता का?