आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपी घरीच पुरेल का?

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची आहे. बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून 'बॉल' बदलला. टाके निघालेत, वॉकर धरून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जाते.

प्रश्न पुढच्या व्यायामाचा आहे. आम्ही डोंबिवलीत जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. क्लिनिकला जायचं म्हणजे जिने उतरा, रिक्षात वाकून शिरा, तिथे बाकावर ताटकळा आणि परत तेच. घरी आल्यावर ती संध्याकाळपर्यंत उठतच नाही. म्हणून एका फिजिओथेरपिस्टना घरी बोलावलं. त्यांनी व्यायामाआधी घर पाहिलं. आईला दिवाणावरून उठायला सांगितलं, तर ती माझा खांदा ओढून कशीबशी उठली. "दिवाण फार खाली आहे," म्हणाल्या आणि त्यावर आणखी एक कडक गादी टाकायला लावली. पुढच्या खेपेला आई स्वतःच्या हातांवर जोर देऊन उठली! संडासात जाताना ती बेसिनचा आधार घेते हेही त्यांनीच हेरलं. बेसिन निखळू शकतं, भिंतीत दांडा बसवून घ्या म्हणाल्या.

मला हे मनापासून पटलंय. पण मामा आणि शेजारच्या काकू म्हणतात, घरी नुसते हातपाय हलवून घेतात, मशीनशिवाय ताकद येत नाही. बाबाही आता डळमळलेत. त्यात फिजिओ समोर असल्या की आई सगळं करते, त्या गेल्या की "दुखतंय गं, उद्या बघू".

मशीनवाचून खरंच अडतं का? रोज बोलवावं की दिवसाआड? घरी येणारी व्यक्ती नीट शिकलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि आईकडून रोज करून कसं घ्यायचं?

फिजिओ_मिरज:
ताई, मी घरोघरी जाऊन हेच काम करते. मशीन असतं ते मुख्यतः दुखणं कमी करायला. ताकद स्नायू वापरल्यानेच येते. शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी आतून शेक देणारं मशीन) तर आईंच्या खुब्यासारख्या, आत धातू असलेल्या जागी करतच नाहीत. आईंना हवंय ते खुर्चीतून उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, तोल सांभाळून वळणं. त्याला घरासारखी जागा नाही, कारण वावरायचं तिथेच आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो व्यायामक्रम मुळात घरीच करायचा आहे. त्याच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ज्येष्ठांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आईंना तो लगेच नको, वॉकर सुटत आला की फिजिओंना विचारा.

सुरुवातीला दिवसाआड बोलवा, मग अंतर वाढवा. मधल्या दिवसांत घरच्यांनीच करून घ्यायचं, म्हणून बाबांनाही शिकवायला सांगा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मांडी घालणं, खाली वाकून वस्तू उचलणं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर व्यायाम सोडून तडक डॉक्टर गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

बीपीटी (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) पदवी आणि राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. शिकलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

नाशिकची_नात:
आमच्या आजीला "व्यायाम कर" म्हटलं की नकोच असायचं. मग कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या असं ठरवलं. आमटीला फोडणी कशी घालायची हे मला सांगत सांगत ती करायची. दुखण्याची गोळी व्यायामाच्या थोडी आधी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे त्याने फार फरक पडला.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, पुढच्या वेळी तेही शिकायला बसणार आहेत. गोळीचं उद्या सर्जनना विचारते. एकच राहिलं: आमचा कमोडही बुटका आहे. वर बसवायची उंच सीट डोंबिवली-ठाण्यात कुठल्या दुकानात चांगली मिळते? हलणारी नको, आईचा तिच्यावर भरवसा बसायला हवा.