रस्त्यावरच्या पोस्टरचे फोटो कॅलेंडरमध्ये छापले तर कॉपीराइटची भानगड होते का? मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत हवीये. कायद्यातलं कुणी असेल तर उत्तमच, पण ज्यांनी स्वतःच्या फोटोंचं काही छापलंय त्यांनीही सांगा.

मला रस्त्यावरच्या पोस्टरचे फोटो काढायचा नाद आहे. नाट्यगृहाबाहेरचे नाटकांचे बोर्ड, टॉकीजच्या भिंतीवर एकावर एक डकवलेली अर्धी फाटलेली सिनेमाची पोस्टरं, हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या, असं सगळं. आता त्यातले निवडक घेऊन पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं डोक्यात आहे, थोड्याच प्रती, ओळखीपाळखीत विकायच्या, शिवाय काही फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाला फोटो पुरवणारा खुला साठा) चढवायचेत म्हणजे मराठी विकिपीडियावर वापरता येतील. तर प्रेसवाला म्हणतो, चित्र दुसऱ्याचं, उद्या नोटीस आली तर मला त्यात ओढू नका. माझं म्हणणं असं की पोस्टर लावलंच मुळी लोकांनी बघावं म्हणून, तेही भर रस्त्यात, फोटो मी काढला, मग तो माझा नाही का? आणि चौकातल्या पुतळ्यांचे फोटो सगळेच छापतात की, त्यांना कुठे कोण विचारतं?

प्रतिसाद १

पुतळ्याचं बरोबर आहे, पण ते पोस्टरला लागू होत नाही, आणि गंमत तिथेच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात कशाकशाने कॉपीराइटचा भंग होत नाही ते दिलंय. इमारतीचा फोटो चालतो. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा किंवा कलाकुसरीच्या वस्तूचा फोटो काढून छापलाही तरी चालतो. पण ज्यांचा फोटो चालतो त्या यादीत पेंटिंग, ड्रॉइंग, छायाचित्र नाहीतच, आणि पोस्टर म्हणजे नेमकं तेच. वर ‘कायमस्वरूपी’ ही अट, आज लावलेलं पोस्टर शुक्रवारी नवा सिनेमा आला की झाकलं जातं.

म्हणजे फोटोवर तुमचा हक्क आहे, पण आतल्या चित्रावर नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

धागाकर्ता

बापरे. मग भिंतीवरच्या म्युरलचं काय? वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचं भलंमोठं चित्र काढलं होतं, ते काय रोज बदलत नाहीत.

प्रतिसाद १

कायम असलं तरी ते पेंटिंगच ना. फोटोला सूट नाही. सिनेमात मात्र आहे! म्हणजे सार्वजनिक जागी कायम असलेलं कुठलंही चित्र सिनेमात दाखवता येतं, आणि कायम नसलेलंसुद्धा मागे पार्श्वभूमीला सहज आलं तर चालतं. फोटोग्राफरांसाठी हे वाक्य लिहायचं कुणाला सुचलं नाही. मला तरी हे अजब वाटतं, पण कायद्यात तसंच आहे.

प्रतिसाद २

एवढं घाबरू नका हो. घरी अल्बममध्ये ठेवायला काही अडचण नाही, खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी यांना त्याच कलमात सूट आहे. नाटकाचं परीक्षण लिहिताय आणि सोबत त्याच्या बोर्डाचा फोटो टाकताय, तर तिथे बाजू बरीच भक्कम. कॅलेंडर विकणं म्हटलं की ती ढाल गेली. आणि कॉमन्सवर तर ही सूट सांगून उपयोगच नाही, तिथे फाइल कुणालाही धंद्यासाठीसुद्धा वापरता यावी अशी अट असते, त्यामुळे पोस्टरचे क्लोजअप काढून टाकतात. टॉकीजचा अख्खा दर्शनी भाग, समोर रिक्षा, माणसं आणि कोपऱ्यात बारीक पोस्टर, असा फोटो सहसा राहतो.

जुनी पोस्टरं का नाही घेत? चित्रकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. बाबूराव पेंटर १९५४ला गेले, म्हणजे त्यांनी काढलेली चित्रं २०१५पासून मोकळी. उलट एम. एफ. हुसेन, जे सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, ते २०११ला गेले, तर त्यांचं २०७१ संपेपर्यंत थांबा. चित्रकार कोण हेच माहीत नसेल तर चित्र प्रसिद्ध झालं तिथून ६० मोजायची, पण मधेच नाव उघड झालं की हिशोब बदलतो.

धागाकर्ता

हे भारी आहे, धन्यवाद! पण माझ्याकडचे बहुतेक बोर्ड चालू नाटकांचे आहेत, ते सोडवत नाहीत. परवानगी मागायची तर कुणाकडे, रंगवणाऱ्याकडे की निर्मात्याकडे?

प्रतिसाद १

पैसे देऊन पेंटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा, म्हणजे बहुधा निर्माता. पगारी नोकराने केलं तरी मालकाचंच. पण आजकालचे बोर्ड कॉम्प्युटरवर होतात, त्यात नटांचे फोटो कुणा तिसऱ्यानेच काढलेले असतात, तेव्हा निर्मात्याला आधी हेच विचारा की फोटोंचे हक्क तुमच्याकडे आहेत का. फोनवर ‘हो हो छापा की’ म्हणतील, त्यावर जाऊ नका, ईमेल मागा, त्यात कॅलेंडर आणि विक्री हे दोन्ही शब्द येऊ द्या. नाटकवाले सहसा नाही म्हणत नाहीत, फुकटची जाहिरातच आहे त्यांची. आणि कॉमन्ससाठीची परवानगी वेगळी मागा, ती कॅलेंडरच्या ईमेलवर भागत नाही.