मदत हवी आहे: एआयमुळे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी आलेले कोडमधले बदल) ढीगभर, रिव्ह्यू करणारे दोघेच
पुण्यात सात जणांची टीम आहे, जावा-स्प्रिंग बूटवर बिलिंगचं काम, कोड गिटहबवर. कोपायलट (कोड लिहून देणारं एआय टूल) आल्यापासून ज्युनिअर मंडळी भराभर पीआर टाकतात, पण अप्रूव्ह करणारे आम्ही दोघंच. रांग तीन-चार दिवसांची झालीय. खरा त्रास वेगळाच आहे. "हे असं का लिहिलंस?" विचारलं की उत्तर येतं, "टूलने दिलं, टेस्ट पास होतायत." टेस्टही त्याच टूलच्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पीआरला ४०० ओळींची मर्यादा घालून पाहिली, तर एकाचे तीन झाले. कोडओनर्स फाइलने (कुठला कोड कुणी तपासायचा ते ठरवणारी) वाटणी केली, फरक नाही. एआय रिव्ह्यू बॉटही लावला. तो व्हेरिएबलच्या नावांवर बोलतो. जीएसटीचं राउंडिंग आमच्याकडे कुठल्या टप्प्यावर होतं, हे त्याला कुठून कळणार?

टूल बंद करता येणार नाही, क्लायंटलाच हवंय. नवा माणूसही मिळणार नाही. पेअरिंग (दोघांनी एकत्र बसून कोड लिहिणं) अवघड, तिघांची शिफ्ट वेगळी.

ज्यांच्याकडे हे मार्गी लागलंय त्यांनी सांगा: पीआर टाकणाऱ्याला स्वतःचा कोड समजलाय, याची खात्री रिव्ह्यूआधी नेमकी कशी करता? आणि टेस्ट माणसानेच लिहायची, ही अट कुणाकडे टिकली का?